काचघराच्या चार खिडक्या

पनवेलच्या इस्राएल आळीत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या वस्तीत, एफ्राइम झिराडकर ओव्हरसियरचं नाव निघालं की माणसं आधी हसायची आणि मग गप्प व्हायची. हसायची त्याच्या निवडुंगांना. गप्प व्हायची ती त्याची मुलगी आठवून. पण ही गोष्ट त्याची म्हणावी तर त्याची, नाही तर त्याच्या बायकोची, हेप्झिबाची. त्या घरात जे सोसायचं होतं ते तिनं सोसलं आणि शेवटी जे करायचं होतं तेही तिनंच केलं.

एफ्राइम बांधकाम खात्यात होता. रस्त्याची खडी मोजण्यात आणि मजुरांवर डाफरण्यात त्याचा जन्म गेला. महायुद्ध संपलं त्या साली त्याचा मॅक्रे साहेब कायमचा स्कॉटलंडला निघाला. साहेबाच्या बंगल्यामागं निवडुंगांचं एक काचघर होतं. त्याच्या काचा, लोखंडी सांगाडा आणि तीसेक कुंड्या त्यानं जाताना एफ्राइमला देऊन टाकल्या. दुसरा कोणी असता तर काचा घराला लावून मोकळा झाला असता. एफ्राइमनं विहिरीजवळच्या अंगणात ते काचघर जसंच्या तसं उभं केलं. त्याला चार खिडक्या, वर उन्हाळ्यात टाकायला गोणपाटाचे पडदे, आत फळीवर ओळीनं कुंड्या. आळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. "अगं बाई, माळावर फुकट उगवतो त्या फड्याला काचेचा बंगला! आणि बायको बिचारी गळक्या पडवीत रांधते."

साहेब तिकडून पत्रं पाठवायचा. त्याच्या गावी हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडायचं. बाहेर बर्फ आणि आत काचघरात एक लहानशी रॉकेलची शेगडी, झाडं मरणार नाहीत इतपतच. ऊब द्यायची नाही. महिनोन् महिने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. थंडीत आणि तहानेत निजवायचं, मग मे महिन्यात ती फुलतात. एफ्राइम ही पत्रं जेवताना मोठ्यानं वाचून मराठीत सांगायचा, जणू काही पवित्र पुस्तकच. हेप्झिबा वाढता वाढता ऐकायची आणि मनात म्हणायची, मेल्या, एवढ्या मायेनं कधी पोरीशी बोलला असतास तर!

पोर म्हणजे अबीगेल. एकुलती एक. शाळेत शिकवायची. तिनं जुडाह नावाच्या बोटीवरच्या फिटरशी लग्न ठरवलं. मुलगा सरळ, निर्व्यसनी, देवाला मानणारा. पण तो निघाला 'काळा इस्राएल'. आता हे काळेगोरेपण कातडीचं नव्हे हो, कुळाचं. ज्यांच्या आजीपणजीत कोणी बाहेरची बाई होती ते काळे, बाकीचे गोरे, आणि गोऱ्यांनी काळ्यांकडे सोयरीक करायची नाही. त्या काळी हे फार चालायचं. एफ्राइम म्हणाला, "त्या घरात गेलीस तर हे घर तुला नाही." अबीगेल गेली. मुंबईला लग्न लागलं. बापानं तिचा फोटो भिंतीवरून काढला आणि त्या खिळ्याला निवडुंगांच्या पाण्याचं वेळापत्रक टांगलं. असा माणूस!

आता दारफळणीच्या सणाचं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. बेने इस्राएलांचा हा वर्षातला सगळ्यात मोठा उपवास, आश्विनाच्या आसपास येतो. आदल्या सांजेपासून दुसऱ्या दिवशी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. जुन्या रीतीनं त्या दिवशी पांढरे कपडे घालून घराचं दार फळायचं, म्हणजे लावून घ्यायचं. बाहेरच्याला शिवायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही. दुसरा दिवस शिळ्या सणाचा. त्या दिवशी माणसं एकमेकांकडे जातात, दानधर्म करतात. पनवेलमधली बाकीची मंडळी एव्हाना दारफळणीला दिवसभर सिनेगॉगात जाऊन प्रार्थना करायची. एफ्राइम मात्र आपल्या आजोबांची रीत धरून होता. त्याच्या घराला अडसर पडायचा तो पडायचाच.

अठ्ठेचाळीस साली त्या सणाच्या सकाळी दहाच्या सुमाराला दारावर थाप पडली.

"आई! आई गं, मी आलेय."

अबीगेल होती. सातवा महिना, जुडाह बोटीबरोबर एडनला, आणि अंगात चार दिवसांचा ताप. पहिलं बाळंतपण माहेरी, एवढंच त्या वेडीच्या डोक्यात. सणाच्या आदल्या दुपारीच पोचायची होती, बापाच्या पाया पडून माफी मागायची होती. पण ओहोटीनं लाँच खोळंबली, रात्र उरणला काढावी लागली, आणि पहाटेच्या अंधारात निघून ती बैलगाडीनं पनवेलला आली. त्याच गाडीत करंजा गावची गोदूबाई कोळीण मासळीच्या पाट्या घेऊन बसली होती. तिनंच पोरीला हाताला धरून ओट्यावर आणून सोडलं.

हेप्झिबा उठली. एफ्राइम तिच्या आधी उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. तिनं त्याचे पाय धरले. तिनं डोकं आपटलं. तो एकच वाक्य बोलला, "आज दार उघडत नाही."

बाहेर गोदूबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "ओ ओवरशेर! पोरगी पोटुशी हाय, अंग तव्यावानी तापलंय! दार उघड ना रं! तुमचा देव बोलला काय, लेकीला भायेर मारा म्हनून?"

गोदूबाई शिव्या देत बाजारात गेली, कारण मासळी थांबत नाही. अबीगेल ओट्यावर बसून राहिली. तिला वाटलं, आई आहे आत, उघडेल. आश्विनातलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. पाऊस संपलेला, वारा पडलेला, दगड भाजतात नुसते. हेप्झिबा खिडकीच्या फळ्यांच्या फटीतून बघत होती. तिथून ओट्याचं टोक दिसायचं आणि पलीकडे काचघरही दिसायचं. एफ्राइमनं सण लागायच्या आधी काचघराच्या चारही खिडक्या उघडून ठेवल्या होत्या आणि वर गोणपाट नीट अंथरले होते. निवडुंगांच्या डोक्यावर सावली होती. पोरीच्या डोक्यावर नव्हती. हे हेप्झिबानं पाहिलं आणि ते ती कधीही विसरली नाही.

तीनच्या सुमाराला अबीगेल आडवी झाली. बाजार उरकून गोदूबाई परत आली, तिनं पोरीला पाणी पाजलं, दोघा हमालांच्या मदतीनं उचललं आणि कोळीवाड्यात आपल्या बहिणीकडे नेलं. चांदण्या दिसल्यावर एफ्राइमनं अडसर काढला. हेप्झिबा अनवाणी धावत सुटली. तिसऱ्या दिवशी अबीगेल गेली. पोटातलं मूलही गेलं.

दुखवट्याला सिनेगॉगात प्रार्थना चालवणारे हझ्झान इसाजी आले होते. म्हातारा मऊ माणूस. तेही न राहवून बोलले, "एफ्राइमभाऊ, जीव जात असेल तिथं सगळे नियम बाजूला ठेवायचे असतात. हे आपलं शास्त्रच सांगतं."

एफ्राइम म्हणाला, "मला आजोबांनी शिकवलं तेवढंच कळतं. त्या दिवशी दार माझ्याच्यानं उघडलंच नसतं. हातच उचलला गेला नसता."

हे शेवटचं वाक्य हेप्झिबानं उचललं आणि पदरात गाठ मारून ठेवलं. हातच उचलला गेला नसता. म्हणजे हा माणूस दुष्ट नाही, बांधलेला आहे. याच्या हाताला आजोबांनी दोरी बांधलीय, तो तरी काय करणार? रोज सकाळी चूल पेटवताना ती हे स्वतःला सांगायची. न सांगून करते काय? माहेरी कोणी उरलं नव्हतं, भावंडं बोटीत बसून इस्रायलला निघून गेली होती. ज्या माणसानं पोटची पोर मारली त्याला भाकरी थापून घालायची तर काहीतरी आधार हवाच ना! तिचा आधार एवढाच होता.

अशी अकरा वर्षं काढली तिनं. अबीगेलचं नाव घरात घ्यायची बंदी होती. दर वर्षी ती एकदाच विचारायची, "तिच्या नावानं मलिदा करू का?" मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेले पोहे, वर फळं, एलियाहू नबीचं नाव घेऊन प्रार्थना करून वाटायचे. नवस फेडायला करतात, शुभकार्याला करतात, गेलेल्यांच्या आठवणीलाही करतात. एफ्राइम दर वर्षी म्हणायचा, "नाव काढू नकोस."

आणि त्याचं चाललं होतं काय? निवडुंग! सगळ्यात लाडकं होतं ते एक गोल गरगरीत झाड, काट्यांनी भरलेलं. साहेबाच्या गावी त्या जातीचं झाड दर मे महिन्यात फुलायचं, पनवेलमध्ये हे कळी म्हणून धरत नव्हतं. आळीत त्याला 'काटेरी वांगं' म्हणत. त्याला हिवाळा मिळावा म्हणून एफ्राइम डिसेंबर-जानेवारीत बर्फ आणायचा. आणायचा म्हणजे हेप्झिबाकडून आणवायचा. बाजारातून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी कडेवर घेऊन ती यायची, फोडायची, पत्र्याच्या पेटीत भरून फळीखाली सरकवायची. तिच्या बोटांचे सांधे सुजले ते कायमचे. "जरा हळू, कुंडीला धक्का लागेल," एवढंच तो म्हणायचा. झाड ढिम्म. कळी नाही.

मग निवृत्त झाल्यावर एका वर्षी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. साहेबाचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा! आपल्याकडे ऊन कमी असतं ते आषाढ-श्रावणात, गारवाही तेव्हाच. मग झाडाला निजवायचं ते पावसाळ्यात. त्यानं कॅलेंडर उलटं केलं. जूनपासून पाणी बंद, काचा घट्ट, खाली बर्फाची पेटी. बाहेर तीन महिने धो धो पाऊस आणि आत झाडांना थेंब नाही. भाद्रपदात पाणी सुरू केलं. आणि काय सांगावं, एकोणसाठ साली काटेरी वांग्याच्या डोक्यावर सात कळ्या धरल्या! डोकं होतं हो त्या माणसाला, ते नाकारून चालायचं नाही.

एफ्राइम चौसष्टाव्या वर्षी पोरासारखा नाचला. आळीत घरोघर सांगून आला. साहेबाला पत्र गेलं. कळ्या शिळ्या सणाच्या दिवशी उमलतील असा त्यानं हिशेब बांधला आणि त्या दिवशी बाजारातल्या फोटोग्राफरला बोलावून ठेवलं. मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं. हेप्झिबानं अकरा वर्षांत ते पाहिलं नव्हतं.

"अगं, शिळ्या सणाला मलिदा कर," तो म्हणाला. "मी नवस बोललो होतो. नबीनं ऐकलं."

हेप्झिबाच्या हातात लाटणं होतं. ते तिनं खाली ठेवलं. पोरीच्या नावानं नाही, वांग्याच्या नावानं मलिदा! तिला वाटलं, हसावं. तिला वाटलं, पाटा उचलून याच्या डोक्यात घालावा. ती म्हणाली, "करते. पोहे भिजवीन."

त्या घटकेपासून एकच प्रश्न तिच्या डोक्यात किडा होऊन बसला. खरंच उचलला गेला नसता का याचा हात?

सणाच्या आदल्या सांजेला एफ्राइमनं काचघर नेहमीसारखं तयार केलं. चारही खिडक्या उघड्या, वर गोणपाट. कळ्यांचे शेंडे लाल दिसू लागले होते. मग तो न्हाणीत गेला, कारण सण लागायच्या आधी अंघोळ करून पांढरे कपडे घालायचे असतात. हेप्झिबा अंगणात उतरली. दिवस बुडायला अजून अवकाश होता. तिनं गोणपाट काढले, घडी करून विहिरीच्या काठावर ठेवले. एक, दोन, तीन, चार खिडक्या लावल्या आणि कड्या सरकवल्या. मग आत येऊन अंघोळ केली. सूर्य मावळायच्या आधी एफ्राइमनं दाराला अडसर घातला.

खोटं कशाला बोला, ते वांगं मरावं असं तिला थोडंसं वाटतही होतं. पण तिचं खरं मागणं वेगळं होतं. ती रात्रभर देवाला विनवत होती की याच्या हातून दार न उघडो. जळू देत कळ्या, जळू देत काचघर, पण हा बसून राहो. हा बसून राहिला तर माझ्या पोरीला नियमानं मारलं. हा उठला तर मग यानं मारलं.

सकाळी एफ्राइम प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसला. नऊच्या सुमाराला सवयीनं फळ्यांच्या फटीला डोळा लावला आणि तसाच राहिला.

"खिडक्या कोणी लावल्या?"

"मी," हेप्झिबा म्हणाली. "काल, दिवस बुडायच्या आत. नियम मोडला नाही."

"गोणपाट?"

"तेही मीच काढले."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं मारतो. पण त्यानं परत फटीला डोळा लावला. काचा आतून घामेजल्या होत्या. ऊन चढत होतं. त्यानं पुस्तक उघडलं, मिटलं. उठला, बसला. दहा वाजले, साडेदहा वाजले. "शिजतील गं," तो म्हणाला. "आत भट्टी झाली असेल." मग तो हळूच म्हणाला, "तू जा. पटकन जा, खिडक्या उघड आणि ये. तू बाईमाणूस, तुला चालेल."

"मला कसं चालेल? देव माझा नाही?"

गल्लीतून गोदूबाईची हाळी आली. आता म्हातारी झाली होती, तरी पाटी डोक्यावर होतीच. एफ्राइमनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हेप्झिबाला बरं वाटलं. मनातल्या मनात ती म्हणाली, बस रे बाबा, असाच बस. आयुष्यात एवढं एक माझ्यासाठी कर.

अकरा वाजता काचघरातली एक काच तडकल्याचा आवाज आला. एफ्राइम उठला आणि दाराकडे निघाला. हेप्झिबा त्याच्या आधी तिथं पोचली. दाराला पाठ लावून, जिथं तो उभा राहिला होता तिथंच ती उभी राहिली.

"आज दार उघडत नाही," ती म्हणाली.

"बाजूला हो. त्या कळ्या मरतील."

"अबीगेल इथंच बाहेर बसली होती. पाच तास."

"ते वेगळं होतं," तो ओरडला. "बाजूला हो म्हणतो ना!"

ती झाली बाजूला. अडवायचं काय उरलं होतं? त्यानं अडसराला हात घातला. तिला वाटलं होतं, निदान थरथरेल, निदान एकदा वर आभाळाकडे बघेल. काही नाही. एका हातानं अडसर उचलला, भिंतीला टेकवला आणि दार ढकललं. लग्गेच उघडलं ते. बाहेरचं ऊन घरभर पसरलं.

पांढरे कपडे घातलेला तो म्हातारा अनवाणी अंगणातून धावत गेला. सिनेगॉगातून काही कामासाठी घरी आलेल्या सारानं, शेजारणीनं, ते पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. त्यानं चारही कड्या काढल्या, बोटं भाजली, कुंडी छातीशी धरून सावलीत आणली. सातही कळ्या उकडून काळ्या पडल्या होत्या. वांगं एका बाजूनं पिवळं, बोट लावलं तर आत जात होतं.

तो कुंडी घेऊन परत आला. "दार लाव," तो म्हणाला.

"आता कशाला?" हेप्झिबा म्हणाली.

ती बाहेर गेली आणि ओट्यावर, जिथं अबीगेल बसली होती तिथं उन्हात बसली. उपवास तिनं मोडला नाही. गोदूबाई परत जाताना तिला पाहून थांबली, पाटी उतरवून शेजारी टेकली, कशी काय बसलीस असं विचारलं नाही. दोघी चांदण्या दिसेपर्यंत तिथंच होत्या. एफ्राइम आत, उघड्या दाराच्या समोर, मांडीवर कुंडी घेऊन.

शिळ्या सणाला फोटोग्राफर येऊन परत गेला. हेप्झिबानं मलिदा केला तो अबीगेलच्या नावानं. हझ्झान इसाजींना बोलावून मोठ्यानं नाव घेऊन प्रार्थना करवली, आळीत वाटला, कोळीवाड्यात नेऊन दिला. एफ्राइमच्या हातात द्रोण ठेवला. त्यानं तो बराच वेळ धरून ठेवला आणि तसाच खाली ठेवला.

ती त्याला सोडून गेली नाही. जाणार कुठं? भाकरी घालायची, औषध द्यायची, कपडे धुवायची. बोलायची मात्र कामापुरतं. काचघरात तिनं कोंबड्या पाळल्या. दारफळणीच्या दिवशी ती पहाटे उठायची, दाराची दोन्ही कवाडं भिंतीला लावून खाली दगड ठेवायची, म्हणजे वाऱ्यानंही मिटायची नाहीत. एफ्राइमला पांढरे कपडे घालून त्या उघड्या दारासमोर बसवायची. दिवसभर रिकामा ओटा त्याच्या नजरेपुढे. त्यानं तोंड फिरवलं तर ती खुर्ची फिरवायची. आठ वर्षं हे चाललं, तो मरेपर्यंत.

शेवटच्या वर्षी त्याला नीट दिसत नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला तो म्हणाला, "लाव गं आता दार. कोण येणार आहे?"

"कोणी नाही," हेप्झिबा म्हणाली. "जी यायची होती ती येऊन गेली."

आणि खुर्ची तिनं ओट्याच्या आणखी जवळ सरकवली.